रिपोर्टात नसलेली ओळ

ताईच्या अंथरुणाखाली एक मोठी प्लास्टिकची पिशवी आहे. कपाटात ती मावत नाही, दुमडली तर फिल्मला घडी पडते आणि भिंतीशी उभी केली तर नातू ओढून नेतो. म्हणून गेले आठ महिने ताई तिच्यावर झोपते. पिशवीत तिच्या कमरेच्या एमआरआयच्या फिल्म आहेत आणि दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट.

माझी तक्रार त्या दोन पानांबद्दल आहे. तक्रार लहानच आहे. कुणाच्या जिवावर बेतलेलं नाही, कुणी फसवलेलं नाही, पैसेही ठरले तेवढेच घेतले. पण तो कागद घरात आल्यापासून ताईने पाटावर बसणं सोडलं, पाण्याची कळशी उचलणं सोडलं आणि नातवाला कडेवर घेणं सोडलं. तिचं वय ६१. पाठ दुखत होती तेव्हाही ती हे सगळं करत होती. सोडलं ते कागद वाचल्यावर.

रिपोर्ट शनिवारी दुपारी हातात पडला. डॉक्टरांची वेळ मंगळवारची होती. मधले तीन दिवस तो कागद आणि आम्ही. भाच्याने मोबाइलवर एकेक शब्द शोधला. 'डेसिकेशन' म्हणजे सुकणं. 'डिजनरेटिव्ह' म्हणजे ऱ्हास होत जाणारं. 'बल्ज' म्हणजे फुगवटा. रात्री जेवताना तो म्हणाला, "आई, तुझ्या कमरेच्या पाचातल्या चार चकत्या सुकल्यात." ताईने ताट बाजूला सारलं. भाच्याचं काही चुकलं नाही. लिहिलं होतं तेच त्याने वाचलं. जे लिहिलं नव्हतं ते त्याला कुठून कळणार?

लिहिलं नव्हतं ते असं. पाठ अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या मणक्यांची चित्रं काढली तर काय दिसतं, याचे ३३ अभ्यास एकत्र करून २०१५ साली अमेरिकेतल्या न्यूरोरेडिओलॉजीच्या एका नियतकालिकात निष्कर्ष छापले गेले. माणसं होती ३,११०. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज होती, पन्नाशीत ८० टक्के, साठीत ८८ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के. फुगवटा विशीत ३० टक्क्यांत, साठीत ६९ टक्क्यांत. यातल्या कुणालाही पाठीची तक्रार नव्हती. आणि ही काही अचानक लागलेली नवी गोष्ट नव्हे. १९९४ सालीच पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय तपासले होते, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांत निदान एका चकतीला तरी फुगवटा सापडला होता. म्हणजे माहिती तीस वर्षं पडून आहे. ताईच्या रिपोर्टात चकत्यांची मापं मिलिमीटरमध्ये होती, पण ही एक ओळ नव्हती.

चकती सुकते म्हणजे काय, हेही कुणीतरी सांगायला हवं होतं. मोठ्या माणसाच्या चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिनी नसते. वरच्या आणि खालच्या मणक्याच्या पृष्ठभागातून झिरपेल तेवढ्यावर तिचं पोषण चालतं. तरुणपणापासूनच तिच्यातलं पाणी कमी होऊ लागतं. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, म्हणून पाणी कमी झालेली चकती काळी दिसते. ताईला त्या काळ्या पट्ट्या दिसल्या आणि तिला वाटलं, तिथे काही जळलंय. तिने मला तसं विचारलंही, अगदी हळू आवाजात, भाचा बाहेर गेल्यावर.

कागदाने माणूस जास्त आजारी होतो, हे माझ्या घरापुरतं नाही. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या डॉ. एस. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासून पाहिलं आणि २०२१ साली प्रसिद्ध केलं. पाठदुखीच्या ४४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला एमआरआयमधलं सगळं जसंच्या तसं समजावलं. दुसऱ्याला सांगितलं की चित्रात काळजीचं काही नाही, वयानुसार होणारे बदल आहेत. उपचार चालूच होते. सहा आठवड्यांनी पहिल्या गटातल्या लोकांना आपली पाठ अधिक नाजूक वाटत होती आणि दुखणंही तितकं कमी झालेलं नव्हतं. हे आपल्याच देशात, आपल्यासारख्याच माणसांवर पाहिलेलं आहे. तरीही काउंटरवरून तोच कागद, त्याच भाषेत, तसाच हातात येतो.

आणि तो कागद म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. अमेरिकेत ६३ वर्षांच्या एका बाईचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांवर काढला होता. २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदले गेले आणि दहाही रिपोर्टांत असलेला असा एकही दोष नव्हता. पाठ तीच, बाई तीच.

रिपोर्टाच्या तळाशी मात्र एक चांगली ओळ असते. क्लिनिकल कोरिलेशन करावं, म्हणजे चित्रात दिसलेलं रुग्णाच्या तपासणीशी जुळतं का ते पाहावं. रेडिओलॉजिस्टने रुग्ण पाहिलेला नसतो, म्हणून तो प्रामाणिकपणे ही विनंती करतो. माझी दुसरी तक्रार अशी, की ही विनंती कुणी वाचत नाही. मंगळवारी डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, पाहिली, "झीज झालीय, दोन ठिकाणी नस दबतेय," म्हणाले आणि चिठ्ठी लिहिली. ताई खुर्चीत होती. तिच्या चपला पायातच होत्या. ती कशी चालते, हे त्या खोलीत कुणी पाहिलं नाही. बाहेर चाळीस माणसं बसली होती, हे मला दिसत होतं, आणि दिवसभर तसं बसून रुग्ण पाहणं काय असतं याचा अंदाजही मला आहे. तरी मला वाटतं, तपासणी आधी झाली असती तर फिल्मकडे पाहायची नजरच बदलली असती.

ही तपासणी म्हणजे काही महागडी गोष्ट नाही. उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलायचा. मांडीमागून पोटरीपर्यंत कळ उतरली तर मज्जातंतूच्या मुळावर ताण असल्याची शंका येते. पायाचा अंगठा वर ओढायला सांगायचा. तो ताकदीने येत नसेल तर लक्ष कमरेच्या पाचव्या मज्जातंतूच्या मुळाकडे जातं. टाचांवर चालवायचं, मग चवड्यांवर. गुडघ्याखाली आणि घोट्यामागे छोटी हातोडी मारून पाहायची. टाचणीने पावलावर टोचून विचारायचं, दोन्हीकडे सारखं लागतं का. पाठीच्या कण्यावर बोटांनी टकटक करायची, कारण साठीतल्या बाईच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर असू शकतं. पाच-सात मिनिटांचं काम. चित्रात चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती फुगलेली दिसली आणि अंगठ्याची ताकद शाबूत असली, तर त्या फुगवट्याचं वजन एकदम उतरतं.

शब्दांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण शब्द आपले आहेत आणि ते आपण बिघडवलेत. "मणक्यात गॅप आलाय." एसटीत, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे हेच वाक्य. प्रत्यक्षात घडतं ते उलट. चकतीतलं पाणी कमी झालं की दोन मणक्यांमधली जागा कमी होते. गॅप पडत नाही, गॅप घटतो. पण 'गॅप' ऐकलं की माणसाच्या डोळ्यांपुढे भिंतीची भेग येते, आणि भेग म्हटली की ती बुजवायची. ताईला गॅप भरून यावा म्हणून शेजारणीने डिंकाचे लाडू पाठवले, माया म्हणून पाठवले. कुणी मणका बसवून देणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. तिथे मी तिला जाऊ दिलं नाही.

"गादी सरकली" हेही तसंच. चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, ती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. तिचं बाहेरचं कडं चिरतं आणि आतला मऊ गाभा त्यातून बाहेर डोकावतो. पायात उतरणाऱ्या कळेमागे हे असू शकतं, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं. बाहेर आलेला तो तुकडा पुष्कळदा शरीर हळूहळू शोषून घेतं, हे मात्र 'सरकली' या शब्दातून कुणाला कळणार? सरकलेली वस्तू कुणीतरी जागेवर ठेवावीच लागते.

आणि 'नस'. मराठीत रक्तवाहिनीही नस, मज्जातंतूही नस, स्नायूची दोरीही नस. नस दबली म्हटल्यावर ताईला वाटलं, पायाचं रक्त अडलंय आणि एक दिवस पाय काळा पडेल. महिनाभर ती रोज रात्री पावलांचा रंग बघत होती. हे मला फार उशिरा कळलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

चिठ्ठीवर कमरेचा पट्टा होता आणि दहा दिवस ट्रॅक्शन. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये, विशिष्ट कारण न सापडणाऱ्या दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पट्टा आणि ट्रॅक्शन दोन्ही नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असं म्हटलंय. व्यायाम, माहिती आणि माणसाला त्याच्या कामाकडे परत आणणं यांवर भर आहे. चिठ्ठीत शेवटी 'विश्रांती' असंही लिहिलं होतं, किती ते नव्हतं. १९८६ साली २०३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दोन दिवस झोपून राहणं आणि सात दिवस झोपून राहणं यांची तुलना झाली होती. दोन दिवसवाले काही मागे राहिले नाहीत, उलट त्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. ताई मात्र पाच आठवडे झोपून होती. मांड्यांचं मांस उतरलं, आणि मग उठताना जे दुखायला लागलं ते आधी नव्हतं.

आमच्या शेजारच्या अण्णांचं वेगळंच. वय ७२. घरापासून स्टँडपर्यंत चालताना त्यांना तीन कट्ट्यांवर बसावं लागतं. दोन्ही पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात. बसले, पुढे वाकले की दोन मिनिटांत बरं. सायकलवरून मात्र ते शेतापर्यंत आरामात जातात. हे कण्याची नळी अरुंद झाल्याचं ठळक लक्षण आहे. ताठ उभं राहिलं की नळी आणखी आवळते, वाकलं की मोकळी होते. हेंक व्हर्बीस्ट नावाच्या डच शल्यविशारदाने १९५४ साली हे नीट वर्णन करून ठेवलंय. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण तेव्हा नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं, वाकावं लागत नाही. अण्णांना एकदाच विचारायला हवं होतं, "थांबल्यावर बसावं लागतं की उभं राहून चालतं?" त्यांना सांगितलं गेलं ते एवढंच, की झीज आहे, वय झालं. पट्टा तोच, गोळ्या त्याच. ताईला नको असलेली भीती मिळाली आणि अण्णांना हवं असलेलं निदान मिळालं नाही, दोन्ही एकाच शब्दातून.

अण्णांसारख्या काही जणांना शस्त्रक्रियेने खरंच चालता येऊ लागतं. पण "पाठीला सुरी लागली की माणूस आडवा झाला" हे आमच्या गल्लीत ठाम आहे. चकतीमुळे पायात उतरणाऱ्या कळेचं चित्र निराळं. नेदरलँड्समधल्या २००७च्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षअखेर थांबलेले आणि न थांबलेले जवळपास सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी काहींना पुढे शस्त्रक्रिया लागलीही. हे समोर बसवून सांगितलं तर माणूस स्वतः ठरवू शकतो.

जिथे थांबायचंच नसतं त्या गोष्टी मात्र कुणी मोठ्या अक्षरांत लावत नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. पाऊल लोंबू लागलं तरी दिवस घालवायचे नाहीत. ताप, उतरत जाणारं वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर क्षयरोग किंवा गाठ नाही ना, हे पाहायलाच हवं. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून सापडतो. त्या दवाखान्याच्या भिंतीवर पट्ट्यांची जाहिरात होती. हे तिथे असायला हवं होतं.

गेल्या महिन्यात मी ताईला दुसऱ्या गावी एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवायला सांगितली आणि म्हणाले, "आई, चपला काढा आणि त्या खिडकीपर्यंत चालून दाखवा." मग टाचा, चवडे, अंगठे, हातोडी, सगळं झालं. फिल्म त्यांनी शेवटी पाहिली. पाठीत ताकद कमी आहे, मज्जातंतू शाबूत आहेत, असं त्यांनी सांगितलं. रोज चालायचं, चार व्यायाम करायचे आणि पट्टा सोडायचा. ताईने त्यांना एकच विचारलं, "नातवाला उचलू का?" ते म्हणाले, "जवळ घेऊन, गुडघ्यांत वाकून, खुशाल उचला."

घरी आल्यावर तिने मला कागद दिला आणि ती ओळ मराठीत लिहून मागितली. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं : साठीतल्या, पाठ न दुखणाऱ्या दहा माणसांपैकी जवळजवळ नऊ जणांच्या चकत्या अशाच दिसतात. तिने तो कागद रिपोर्टाला टाचणीने लावला आणि पिशवी परत अंथरुणाखाली सरकवली.

परवा नातू अंगणात पडला. ताई गुडघ्यांत वाकली, त्याला उचललं, आणि मग एकदम घाबरून माझ्याकडे बघितलं.

"असू दे कडेवर," मी म्हटलं.