रस्त्याची आणि आपली ओळख

'अनफॅमिलियर' वापरण्याचा नियम तसा सोपा. माणूस रस्त्याशी अनोळखी असेल तर 'विथ', रस्ता माणसाला अनोळखी असेल तर 'टू'. आपली मंडळी मात्र ठोकून देतात, 'धिस रोड इज अनफॅमिलियर विथ मी.' मास्तर लाल पेन सरसावतात, कारण याचा अर्थ झाला, रस्ता मला ओळखत नाही! आता दर दिवाळीला केबलसाठी खणला जाणारा रस्ता कुणाकुणाला ओळखत बसणार? व्याकरण चुकलं, पण वस्तुस्थिती बरोबर.

या शब्दाचा खरा कस लागतो कचेरीत. 'मला या प्रकरणातलं काही ठाऊक नाही,' असं साहेब मराठीत म्हणाले तर लोक हसतात. तेच त्यांनी 'आय ॲम अनफॅमिलियर विथ द मॅटर' म्हटलं, की शिपायापासून अर्जदारापर्यंत सगळे अदबीने मान डोलावतात आणि पुढची तारीख घेऊन घरी जातात.

ही परंपरा जुनी आहे. हिंदुस्थानातल्या शिक्षणावरच्या २ फेब्रुवारी १८३५च्या टिपणात इंग्रज अंमलदार मेकॉलेसाहेबांनी आपल्याला संस्कृत आणि अरबी येत नाही, हे स्वच्छ लिहून टाकलं. मग त्याच दमात या भाषांमधलं सगळं वाङ्मय चांगल्या युरोपीय ग्रंथालयाच्या एका फळीच्याही तोडीचं नाही, असा निकाल दिला. त्यावर देशाचं शिक्षण बेतलं गेलं. विषयाची ओळख नव्हती, पण प्रिपोझिशन एकही चुकलं नसणार!