ऊन फुकट, पाणी पाळीनं

आम्हा अंबाजोगाईकरांना समुद्र बघायला कुठं जावं लागत नाही. समुद्राकाठची माणसंच आमच्याकडे येतात. योगेश्वरी ही कित्येक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. त्यामुळे नवरात्रात नाहीतर घरात लग्नकार्य झालं की कोकणातली कुटुंबं सगळी सह्याद्री ओलांडून आमच्या गावात उतरतात, देवीची ओटी भरतात आणि निघताना न चुकता म्हणतात, "फारच ऊन हो तुमच्याकडे!" आता ऊन आहे, त्याला आम्ही काय करणार? आख्यायिका अशी की, परळीच्या वैजनाथाशी लग्न लावायला देवी कोकणातून निघाली, पण मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी अंबाजोगाईतच राहिली. कोकणातून निघून आमच्यापर्यंत पोचलेली ती एकटीच. पावसाला काही ते जमलेलं नाही. तो घाटमाथ्यावर सगळं ओतून मोकळा होतो आणि आमच्याकडे नुसते ढग पाठवतो, बघायला.

एवढं सांगायचं कारण, आमची लेक आणि जावई लिस्बनला असतात. दोघांचं काम संगणकावरचं, म्हणजे कुठंही बसून करता येणारं. त्यांनी थोड्या दिवसांसाठी मदेरा बेटावर घर भाड्यानं घेतलं होतं. अटलांटिक महासागरात, पोर्तुगालचं पण आफ्रिकेला जवळ असं हे बेट. गावाचं नाव पोंता दो सोल. असे संगणकवाले भटके एकत्र राहावेत म्हणून तिथं २०२१ साली त्यांची खास वसाहतच सुरू झाली. लेकीचा फोन आला, "अण्णा, आईला घेऊन याच. इथं इतकं छान ऊन असतं!" मार्च संपत आलेला, आमच्याकडे रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायला लागलेलं, आणि बीड जिल्ह्यातल्या माणसाला कुणी उन्हाचं आमिष दाखवतंय! पण लेकीपुढं बापाचं काय चालतं?

विमान उतरलं तेव्हा खिडकीतून समुद्र दिसत होता आणि धावपट्टी दिसतच नव्हती. डोंगर आणि समुद्र यांच्यात जागाच नाही म्हणून त्यांनी धावपट्टी लांबवली ती समुद्रात १८० खांब उभे करून. म्हणजे आपण जमिनीवर उतरत नाही, पुलावर उतरतो. विमानतळाला नाव क्रिस्तियानो रोनाल्डोचं, तो इथल्याच फुंशालचा. आमच्या शेजारच्या पोराला अख्ख्या प्रवासातली ही एकच गोष्ट ऐकायची होती. बाकी बेट बुडालं तरी त्याची हरकत नव्हती.

हिनं येताना पिशवीत साबुदाण्याचं पीठ आणलेलं. मला पत्ता नाही. चैत्रातलं ऊन वाया घालवायचं नाही हा तिचा आयुष्याचा नेम, आणि तो अटलांटिकमध्येही मोडणार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर गच्चीवर धुतलेली चादर अंथरलेली, चार कोपऱ्यांवर जावईबापूंचे बूट ठेवलेले आणि मध्ये पापड. खाली काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यावर गोरी मंडळी तेल लावून पडलेली. अर्ध्या तासानं एकेक जण कूस बदलायचा. ही वरून बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "त्या निळ्या चड्डीवाल्याला उलटा व्हायला सांगा कुणीतरी. एका बाजूनं करपलाय तो. एवढं तर पापडालाबी कळतं."

पण ते ऊन पापडाचं नव्हतंच. बावीस-तेवीस अंशांचं, वाऱ्यात भिजवलेलं, नुसतं दिसायला ऊन. दुपारपर्यंत पापड तसेच मऊ. संध्याकाळी एका समुद्रपक्ष्यानं त्यातला एक उचलला, थोडं वर नेला आणि टाकून दिला. त्या पक्ष्याचा हिला जो राग आला, तसा माझाही इतक्या वर्षांत कधी आला नसेल. "ऊन कसलं हे? पोरीच्या बापाला फसवलं," असं ती म्हणाली. पोरीचा बाप मीच, हे त्या रागात तिच्या ध्यानात राहिलं नाही.

शेजारच्या कालेता गावात मात्र पिवळी वाळू. जावईबापूंनी सांगितलं की ती मोरोक्कोहून आणून टाकलीय, कारण बेट ज्वालामुखीचं, वाळू मुळात नव्हतीच. ऐकून मी हात जोडले. आमच्याकडे गोदावरीतली वाळू रात्रीतून नाहीशी होते; इथं समुद्रापलीकडून आणून ती दिवसाढवळ्या टाकतात आणि दुसऱ्या दिवशी जागेवर सापडते!

आणि त्याच गावात, किनाऱ्याला लागून, मला ओळखीचा वास आला. गुऱ्हाळाचा. तिथं उसाचा जुना कारखाना आहे आणि गाळप चालू होतं. मागं डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, आणि त्यात ऊस. मी जागच्या जागी उभा राहिलो. मी धारूर तालुक्यात शाळामास्तर होतो. दिवाळी झाली की माझा वर्ग निम्मा व्हायचा. पोरं आई-बापाबरोबर फडावर जायची, मुकादमाच्या उचलीवर, कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हजेरीपटावरच्या नावाचं तिकडं एवढंच उरायचं. ऊस बघितला की लोकांना गुळाची आठवण होते, मला रिकाम्या बाकांची. आता इथं अटलांटिकच्या मध्यावर एक माणूस वाकून ऊस तोडतोय. उतार एवढा की यंत्र चढणारच नाही, म्हणून हातानंच तोडतात. मी त्याच्या मोळीकडे बघून मनात म्हटलं, बांधतोय बरी, पण आमच्या पोरांची बांधणी नाही.

मदेराला ऊस आला तो पंधराव्या शतकात. तेव्हाची साखर म्हणजे युरोपातलं सोनं. फुंशालच्या बोधचिन्हावर आजही साखरेच्या पाच ढेपा आहेत. तोडायला आणि पाणी आणायला गुलाम लावले होते, हे फलकावर जरा बारीक अक्षरात असतं. याच साखरेच्या खरेदीसाठी १४७८ साली जिनोआच्या व्यापाऱ्यांनी एक तरुण इथं पाठवला. त्याला पैसे पुरते दिले नाहीत, म्हणून साखर पुरती मिळाली नाही, आणि पुढच्या वर्षी त्याला जिनोआत जाऊन साक्ष द्यावी लागली. त्याचं नाव कोलंबस. अमेरिकेचं सगळे सांगतात; उचलीच्या भांडणात अडकलेला कोलंबस मला जास्त जवळचा वाटला.

कारखान्यातच एक पेय मिळतं, पोंशा. "उसाचं, लिंबाचं आणि मधाचं," असं जावईबापू म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त उसाचं काय केलेलं असतं ते सांगायचं राहिलं. माळकरी घरातली आमची ही घोट घेऊन म्हणाली, "लिंबू जरा जास्त झालंय, पण घशाला बरंय," आणि आणखी एक मागितलं. त्या संध्याकाळी तिनं त्या पक्ष्याला माफ केलं.

बाजारात सीताफळ दिसलं तेव्हा मात्र ती शुद्धीत होती. त्याला तिथं अनोना म्हणतात. साल गुळगुळीत, डोळे नसल्यासारखे. हिनं हातात घेऊन दाबून बघितलं, नाक लावलं आणि बाईला मराठीत समजावलं की आमच्या बालाघाटावर हे झाडीत आपोआप येतं, २०१६ साली बीडच्या सीताफळाला सरकारी मानांकन मिळालंय आणि तुमचा भाव जास्त आहे. बाईनं पोर्तुगीजमध्ये काहीतरी तितकंच लांब ऐकवलं. शेवटी एक फळ फुकट मिळालं. चवीला मऊ, बिया कमी. "आपल्यासारखं नाही," ही म्हणाली आणि सगळं एकटीनं संपवलं.

रेल्वेची गोष्टही सांगायला हवी. बीड शहरानं पिढ्यान् पिढ्या वाट बघितली आणि गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. मदेरात फुंशालहून मोंतेच्या डोंगरावर १८९३ सालापासूनच गाडी चढायला लागली होती, आणि १९४३ मध्ये यांनी ती बंद करून टाकली! आता त्याच डोंगरावरून पर्यटकांना वेताच्या गाड्यांत बसवून उतारावर सोडतात, मागं दोन माणसं पांढऱ्या कपड्यांत, बुटांनी ब्रेक लावत. मी बसलो नाही. एसटीच्या आयुष्यभराच्या प्रवासात जी भीती भोगली ती पैसे मोजून पुन्हा कशाला?

सगळे मला समुद्र दाखवत होते. "अण्णा, तो बघा सूर्यास्त," "अण्णा, तो बघा डॉल्फिन." मी बघत होतो. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष दुसरीकडे होतं. घरामागून एक पाट वाहत होता. फूट-दीड फूट रुंद, दगडी बांधाचा, डोंगराच्या कडेनं आपला शांतपणे चाललेला. त्याला तिथं लेवादा म्हणतात आणि असे पाट बेटावर दोन हजार किलोमीटरांच्या वर आहेत. कारण पाऊस पडतो उत्तरेला, डोंगराच्या त्या बाजूला; दक्षिणेकडे हे प्रसिद्ध ऊन आणि कोरडं रान. मग यांनी शतकानुशतकं कडे तासून, डोंगर फोडून उत्तरेचं पाणी दक्षिणेला आणलं. मी तिथं बांधावर बसून घेतलं. आमचंही तेच तर आहे, फक्त आमच्या डोंगराला सह्याद्री म्हणतात आणि कोकणचं पाणी मराठवाड्यात वळवण्याच्या घोषणा आम्हाला तोंडपाठ आहेत. बीडला निजामशाहीत खजाना विहिरीतून जमिनीखालून पाणी खेळवलं होतं, म्हणजे अक्कल नव्हती असं म्हणायलाही वाव नाही.

पाटाच्या दाराशी एक म्हातारा फावडं घेऊन बसला होता. आमच्याकडचा पाटकरीच, फक्त टोपी वेगळी. पाणी तासांवर वाटलेलं, ज्याची पाळी त्यानं दार उचलायचं. मी जावईबापूंना म्हटलं, "विचारा त्यांना, रात्रीच्या पाळीला भांडणं होतात का."

फोननं प्रश्न पोर्तुगीजमध्ये बोलून दाखवला आणि म्हातारा एकदम उजळला. फावडं खाली टाकून तो दहा मिनिटं बोलला. दाराकडे बोट, मग वरच्या मळ्याकडे, मग कंदील धरल्यासारखा हात, मग कुणीतरी वाकून गुपचूप दार सरकवतंय ते, मग स्वतःच्या कपाळावरची खूण. मी मान डोलावत होतो, मध्ये मध्ये "हौ, हौ" म्हणत होतो. तो थांबला तेव्हा जावईबापूंनी फोन पुढे धरला. भाषांतर आलं होतं: "वरच्या बाजूचे गृहस्थ चांगले नाहीत."

"एवढंच?" लेक म्हणाली.

"तो म्हातारा काय म्हणाला ते मला विचार," मी म्हटलं, आणि मांडी घालून बसलो. म्हातारा पण बसला.