तेच उत्तर

दिवसभर राबावं आणि संध्याकाळी काहीच बदललेलं दिसू नये, दिसलंच तर काम फसलं म्हणावं, अशा नोकरीला कुणी पगार देतं हे माकणीत पटवून देणं अवघड आहे. परवा ओसरीवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. तात्या येऊन वाकले.

"काय करलालास रं?"

"जुना कोड नीटनेटका करतोय, तात्या."

"मग आता येगळं काय येतंय?"

"काही नाही. आधी यायचं तेच."

तात्यांनी पुढे विचारलं नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या मालकाबद्दलची काळजी दिसत होती.

हा कोड हॅश काढणाऱ्या लायब्ररीचा. हॅश म्हणजे काय, हे तात्यांना सातबाऱ्यावरून सांगून पाहिलं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. ही सही थेट उताऱ्यावर होत नाही. आधी अख्ख्या उताऱ्याचा ठरलेल्या लांबीचा एक ठसा काढतात आणि सही त्या ठशावर होते. गट नंबरातला एक आकडा बदलला, किंवा 'माकणी'पुढे एक मोकळी जागा जास्त पडली, की ठसा पार वेगळा. जुन्याशी लांबचं नातंसुद्धा उरत नाही.

आमच्या लायब्ररीत असा ठसा काढण्याच्या शा-२५६ आणि शा-२२४ या भावंड पद्धतींचे दोन वेगळे संसार मांडलेले होते. वास्तविक दोघांचं दळण एकच, ६४ फेऱ्यांचं. फरक इतकाच, की सुरुवातीचे आकडे निराळे आणि धाकट्याचं पीठ शेवटी थोडं कमी मोजून द्यायचं. चूल एक केली. पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांतून काढलेल्या आकड्यांच्या तक्त्याला मात्र हात लावला नाही. तिथे नीटनेटकेपणाची हौस भागवायची नसते.

मग चाचण्या. 'एबीसी' ही तीन अक्षरं. दहा लाख वेळा 'ए'. आणि रिकामा मजकूर! काहीच दिलं नाही तरी शा-२५६ गप्प बसत नाही, 'ई३बी०सी४४२'पासून सुरू होणारं लांबलचक उत्तर देतं. कोऱ्या कागदाचाही रीतसर पंचनामा. सरकारी कामाला शोभेल असा गुण आहे.

शेवटी उरली एमडी५ची फाइल. रॉन रिव्हेस्ट यांची ही पद्धत १९९२ साली प्रसिद्ध झाली. २००४ मध्ये शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा काढून दाखवला, आणि तिची पत गेली. माझा हात डिलीटच्या बटणाकडे जात होता. पण जुन्या फायलींचे ठसे पडताळायला ती अजून लागते. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातही शा-१ आणि शा-२५६ यांच्या पंक्तीत एमडी५ला चौकट आहे. कायद्यानेच पाट मांडलेल्या पाहुण्याला मी कोण उठवणार? आतली नावं सुधारली, वर 'नव्या कामाला वापरू नये' असं लिहिलं आणि फाइल होती तिथे राहू दिली.