काळ्या चष्म्यातून दारव्हा

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काळा चष्मा दिला. इतरांवर तो आजारपण दाखवतो, माझ्यावर मात्र पहिल्याच दिवशी खुलला. आरशात तीनदा पाहिलं. चौथ्यांदा बायको म्हणाली, "पुरे करा बाप्पा, आरसा झिजन."

मोबाइल पाहू नका असं बजावलं होतं, म्हणून त्याच रात्री भाच्यासोबत 'दे लिव्ह' पाहिला. जॉन कार्पेंटरचा, 1988 चा. एका बेकार मजुराला काळा चष्मा सापडतो. तो घातला की जग काळंपांढरं होतं आणि जाहिरातींमागचा खरा मजकूर दिसतो : आज्ञा पाळा, विकत घ्या, लग्न करा, पोरं जन्माला घाला. माणसांच्या डोक्यांचा ताबा परग्रहावरच्यांनी घेतलेला. नायक रॉडी पायपर, मूळचा कुस्तीगीर. हा मित्राला म्हणतो, चष्मा घाल. मित्र म्हणतो, नाही घालत. एवढ्यावरून गल्लीत पाच मिनिटांच्या वर हाणामारी. भाच्याला ती ताणलेली वाटली. मला नाही वाटली. मी स्वतः या ऑपरेशनला दोन वर्षं 'नाही' म्हणत होतो.

"हे डोक्याचा ताबा घेणं आपल्याकडे 1934 सालीच झालं," मी भाच्याला ऐकवलं. शांतारामबापूंचा 'अमृतमंथन'! प्रभातचं बिऱ्हाड तेव्हा कोल्हापूरहून पुण्यात नुकतंच आलेलं. राजा बळी देणं बंद करतो, तर राजगुरू राजाच्याच खुनाचा हुकूम सोडतो, आणि तो पाळलाही जातो. ना परग्रह, ना चष्मा. टेलिफोटो भिंगातून पडदाभर झालेला राजगुरूचा एक डोळा, बस्स. मराठीत राजगुरू केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. आणि चंद्रमोहनचे डोळे म्हणजे... इथं मी भाच्याला चंद्रमोहनसारखं पाहून दाखवलं. एका डोळ्यावर पट्टी होती, त्यामुळे परिणाम अर्धाच झाला. तरी मी थांबलो नाही. ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टरांचा डोळा असाच माझ्यावर आला होता, "हलू नका" म्हणाले आणि मी नाक खाजवायचंसुद्धा विसरलो, हेही सांगितलं. भाचा केव्हाच झोपला होता. संमोहन म्हणावं तर हेच.

सकाळी चष्मा लावून निघालो. बसस्टँडपासून मोतीबाग स्टेशनाकडे, जिथं आता शकुंतला रेल्वे येत नाही. एका चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स होता. हात जोडलेले सतरा चेहरे, मला सगळ्यांखाली एकच ओळ दिसली : ओळखून ठेव. मीच हसलो. पुढे एका कृषी केंद्राची भिंत. भिंतीवर टपोरी बोंडं, हसरा शेतकरी, 'भरघोस उत्पादन'. चष्म्यातून वाचायला गेलो आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

पऱ्हाटीवर कीड पडली की बाबा एक पान खिशात घालून अशाच एका दुकानात यायचे. दुकानदार पानाकडे पाहायचाही नाही. मागच्या फळीवरून बाटली काढायचा, समोर ठेवायचा, वहीत आकडा लिहायचा. बाबा विचारायचे, "हेच मारू नं, मालक?" मी तेव्हा बी. ए. ला होतो. बाहेर आल्यावर त्यांना म्हणालो, "तुम्हाले डोकं नाही का? तो सांगन ते?" बाबा काही बोलले नाहीत. खिशातलं चुरगळलेलं पान काढून त्यांनी रस्त्यावर टाकलं. पेरणीच्या बियाण्याची उधारी त्याच वहीत होती, आणि पुढच्या हंगामाचं बियाणंही त्याच दुकानात. त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. चष्मा मलाच हवा होता, आणि तो मिळायला चाळीस वर्षं लागली.

परतताना चष्म्याच्या दुकानात डोळ्यांच्या थेंबांची बाटली ठेवायला पाऊच घ्यायला थांबलो. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "सर, तुम्हाले हा काळा भल्ला शोभते. याच्यात अजून एक चौकोनी आला आहे."

साडेचारशेला घेतला. भावसुद्धा केला नाही.