बिऱ्हाडकाका

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत शिरलं की डाव्या हाताला आधी पाण्याची टाकी लागते, मग तुळशीवृंदावन आणि मग बिऱ्हाडकाकांची गाडी. यातल्या पहिल्या दोन गोष्टी हलत नाहीत. तिसरी वर्षाकाठी अकरा दिवस हलते. हा आकडा माझा नव्हे. काकूंनी कालनिर्णयवर लाल फुल्या मारून काढलेला आहे आणि काकांना तो अमान्य आहे. त्यांच्या हिशेबाने तेरा. सर्व्हिसिंगसाठी गाडी भांडुपला नेली होती, ते दोन दिवस काकू प्रवासात धरत नाहीत.

असे काका आता फक्त मुलुंडातच आहेत असं समजू नका. घाटकोपरला माझ्या मावसभावाच्या इमारतीत एक आहेत. बोरिवलीत दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. अंधेरीच्या काकांनी गाडीच्या टपावर सोलर बसवला आहे, त्यामुळे आमचे काका त्यांचं नाव निघालं की विषय बदलतात. ओळखायची खूण सोपी आहे. वय बासष्ट ते सत्तर. नोकरी बँकेत नाहीतर महापालिकेत, म्हणजे छत्तीस वर्षं एकाच खुर्चीत बसवून ठेवणारी. मुलगा अमेरिकेत. अंगात सहा खिशांची अर्धी चड्डी आणि त्यातल्या एका खिशात मोजायची टेप. हा गृहस्थ तुमच्याकडे चहाला आला तर बसण्याआधी तुमच्या दिवाणाची लांबी घेतो आणि "सहा फूट दोन इंच! केवढी जागा वाया!" असं म्हणून मगच बसतो.

लागण होते ती अमेरिकेत. काका निवृत्त झाले तेव्हा मुलाने त्यांना बोलावून घेतलं आणि आठ दिवस मोटरहोम भाड्याने घेऊन यलोस्टोनला नेलं. लोक तिथे ओल्ड फेथफुल बघायला जातात, उकळत्या पाण्याचा तो उंच फवारा. काकांनीही बघितला असावा. सांगतात मात्र ते मोटरहोमच्या मैलाटाकीबद्दल. टाकी केवढी होती, कुठे रिकामी करायची, पाइप कुठल्या बाजूने जोडायचा आणि पहिल्या दिवशी मुलाने तो उलट्या बाजूने जोडल्यावर काय झालं. हे सगळं ते श्रीखंड-पुरीच्या पंगतीत सांगतात.

त्या प्रवासात त्यांना एक म्हातारं जोडपं भेटलं. घर विकून गाडीतच राहणारं. उन्हाळा उत्तरेत काढायचा, थंडी पडायला लागली की पाखरांसारखं दक्षिणेला ॲरिझोनात उतरायचं. तिथे क्वार्ट्झसाइट नावाचं वाळवंटातलं एवढंसं गाव आहे. हिवाळ्यात अशा गाड्यांची तिथे जत्रा भरते. या लोकांना 'स्नोबर्ड' म्हणतात. काकांच्या डोक्यात तो शब्द शिरला तो शिरलाच. मुलुंडला बर्फ पडत नाही ही अडचण त्यांना किरकोळ वाटली. परत येताना विमानातच त्यांनी काकूंना सांगितलं, "आपणही घर विकू."

काकू म्हणाल्या, "विका की. माझ्या नावावर आहे."

तेव्हा घर राहिलं आणि गाडी आली. नवी कारवान घेण्याइतका प्रॉव्हिडंट फंड बँकेत कुणालाच मिळत नाही, म्हणून काकांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. (बजाज टेम्पो कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली, पण आपल्याकडे गाडीचं पहिलं नाव जात नाही. माणसाचंही जात नाही म्हणा. नाहीतर बिऱ्हाडकाकांना खरं नाव आहे, ते फक्त वीजबिलावर दिसतं.) गाडी स्वस्तात मिळाली, कारण पूर्वायुष्यात ती रुग्णवाहिका होती. काकांनी स्ट्रेचरच्या जागी दिवाण केला, ऑक्सिजनच्या कप्प्यात लोणच्याच्या बरण्या बसवल्या, सलाइनच्या हुकाला पंचा टांगला. परिवहन खात्याच्या वाहनप्रकारांत खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन हाही एक प्रकार आहे, हे शोधून रीतसर कागद केले. बाहेरून दोन हात फिका पिवळा रंग मारला. दोनऐवजी तीन हात मारायला हवे होते. ते पुढे येईल.

गाडी सोसायटीत आली त्या दिवशी वॉचमनने तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या घरी धावत जाऊन विचारलं, "कधी?"

नाव ठेवलं ते मी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, या अर्थाने. काकांना ते पटलं नव्हतं. टेप बाहेर काढून ते म्हणाले, "विंचवाच्या पाठीवर कुठे असतं बिऱ्हाड? गोगलगाय म्हण. शंख असतो तिला." काकू मटार सोलत होत्या. त्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. मान वर न करता म्हणाल्या, "असतं. मादी असते ती. सगळी पिल्लं पाठीवर घेऊन फिरते." थोडं थांबून त्यांनी पुढे विचारलं, "गाडीत पोळ्या कुठल्या ओट्यावर लाटायच्या, ते मोजलंत का?" ते मोजलेलं नव्हतं.

पुढची लढाई वार्षिक सर्वसाधारण सभेत झाली. आपल्याकडे मोटारीसाठी अडीच मीटर बाय साडेपाच मीटरची चौकट आखतात. काकांची गाडी त्या चौकटीतून वीतभर बाहेर येते. सेक्रेटरींनी वीतभराचा मुद्दा मांडला. काका छत्तीस वर्षांत कागदाशिवाय बोललेले नाहीत. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा ३१ ऑगस्ट २०१० चा निकाल काढला : नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी. इमारतीखालची खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असं सांगणारा हा निकाल दहिसरच्या एका सोसायटीने लढून मिळवलेला आहे आणि उपनगरातल्या माणसाने त्याचा अभिमान बाळगायलाच हवा, असं काका उभं राहून म्हणाले. सभेने टाळ्याही वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाले, "काका, निकाल बिल्डरबद्दल आहे. तुमच्या वीतभराबद्दल त्यात काय म्हटलंय?" मग काकांनी दुसरा कागद काढला : महाराष्ट्र सरकारचं २०२१ चं कारवान पर्यटन धोरण, लॅमिनेट केलेलं. राज्य सरकार जागोजागी कारवान पार्क व्हावेत म्हणतंय आणि आपल्या सोसायटीचा वीतभर जागेला विरोध! शेवटी तुळशीवृंदावन वीतभर सरकवायचं ठरलं. म्हणजे बघा, त्या कंपाउंडात आजवर न हललेली वस्तूसुद्धा काकांनी हलवली.

काकांचं वेळापत्रक तयारच होतं. डिसेंबर-जानेवारीत बोर्डीला, सुरूच्या बनात, चिकू खात. मेअखेर भंडारदऱ्याला काजवे. भाद्रपदात गणपतीला गावी, गुहागरकडे. सप्टेंबरअखेर कासच्या पठारावर फुलं. मधला पावसाळा ताडपत्रीखाली, कारण टप गळतो. अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांनी थंडीपासून पळावं, आम्ही उकाड्यापासून पळू, असा त्यांचा सिद्धान्त. वास्तविक कोकणातल्या माणसाला ऋतूप्रमाणे घर बदलायला कुणी शिकवायला नको. गणपती, शिमगा आणि मे महिना ही तीन स्थलांतरं चाकरमान्यांच्या चार पिढ्यांनी केली, लाल डब्यात उभं राहून केली आणि स्वतःला कुठल्याही पक्ष्याचं नाव लावून घेतलं नाही.

पहिला मोठा प्रवास गणपतीचाच. पहाटे चारला निघाले. मूर्ती काकूंच्या मांडीवर, तोंडावर रुमाल टाकलेली. ऐरोली नाक्यावर काका थोडे हिरमुसले. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला, त्यामुळे काच खाली करून तिथल्या मुलाला "आत किचन पण आहे" असं सांगायची सोय राहिली नाही. पुढे मुंबई-गोवा महामार्ग. त्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं तेव्हा काका नोकरीत होते. निवृत्त होईपर्यंत होईल म्हणत होते. वडखळच्या आधीच स्टीलची भांडी मांडणीतून उतरली. कोलाडपर्यंत लोणचं ऑक्सिजनच्या कप्प्यातून बाहेर आलं. मग पावसाची मोठी सर आली आणि बॉनेट ओलं झालं.

दोन हात रंगाखालून जुनी उलटी अक्षरं हळूहळू वर आली. पुढच्या गाड्यांना ती आरशात सुलटी दिसायला लागली. एक इनोव्हा बाजूला झाली, मग एक एसटी, मग एक कंटेनर. काकांना कळेना की आपल्याला हा मान कशाबद्दल. त्यांची समजूत झाली की कोकणी माणसाला कारवान संस्कृती पटली. माणगावात एका हवालदाराने हात करून गाडी थेट उपजिल्हा रुग्णालयाच्या दिशेने वळवली, खिडकीशी आला आणि घाईने म्हणाला, "पेशंट कुठाय?" काकूंनी काही न बोलता मांडीवरचा रुमाल बाजूला केला. हवालदाराने हात जोडले, मागे वळून शिट्टी मारली आणि चौक मोकळा करून दिला. त्या वर्षी अख्ख्या वाडीत वेळेवर पोचलेला गणपती काकांचाच होता.

हा प्रसंग काका सांगत नाहीत, काकू सांगतात. काका आवडीने सांगतात तो पालीजवळचा. तोही खरं तर त्यांनी सांगायला नको, पण त्यांना त्यातली गंमत कळलेली नाही असा माझा संशय आहे. डिसेंबरातली संध्याकाळ, कापलेल्या भाताच्या खाचरांच्या कडेला गाडी लावलेली, काका घडीच्या खुर्चीत. शेजारच्या खाचरात धनगरांचा वाडा उतरला होता. घाटावरच्या कोरड्या मुलखातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या आत परत चढतात. घोड्यांवर सगळा संसार : भांडी, वाकळा, कोंबड्या आणि वर एखादं कोकरू. शेतकरी त्यांना शेतात मेंढरं बसवायला देतात, लेंड्यांचं खत मिळतं आणि बदल्यात धान्य घालतात. काकांना भरून आलं. आपल्या पंथातलं कुणी भेटलं असं वाटून त्यांनी म्हाताऱ्या धनगराला बोलावून सगळी गाडी दाखवली. पंप, बेसिन, दोन शेगड्यांचा गॅस, दिवाणाखालचे खण. म्हाताऱ्याने सगळं नीट बघितलं. दिवाणावर हात दाबून पाहिला. मग बाहेर येऊन गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "मेंढरं कुठं हायती?"

"मेंढरं नाहीत हो."

"मंग हिंडता कशापायी?"

काका म्हणतात, बघ, किती चौकस माणूस होता.

आता त्या अकरा दिवसांकडे येतो, कारण ते ऐकून तुमचा गैरसमज होईल की काकांची हौस फिटली. हौस तशीच आहे. गाडी रिकामी नसते.

आमच्या इमारतीतली घरं एका खोलीची, फार तर दीड खोलीची. पावणेचारशे चौरस फुटांत माणसं पाच. अशा इमारतीखाली सहा फुटी दिवाण, पंखा आणि आतून लागणारी कडी असलेली आठ बाय पाचची जागा उभी राहिली तर काय होणार? सुरुवात माझ्यापासूनच झाली. सासरे आठ दिवस राहायला आले होते आणि त्यांच्या घोरण्याने वरच्या मजल्याचा कुत्रा भुंकायचा. काकांनी आपणहून किल्ली दिली. मग दहावीची मुलं अभ्यासाला बसू लागली. मग चौथ्या मजल्यावर बाळंतपणाला आलेल्या लेकीचे यजमान. मग महिलांची भिशी, कारण तिथे नवरे मध्ये चहा मागायला येत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याने एकदा किल्ली नेली. ऑफिसचा कॉल आहे म्हणाले. दोघांचा, एकाच वेळी, दीड तास. काकांनी वहीत 'कॉल' एवढंच लिहिलं आणि कंपाउंडात क्रिकेट खेळणारी मुलं मागच्या बाजूला पाठवली.

वही अर्थातच आहे. तारीख, वेळ, सही, किल्ली परत. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून गाडीत वायर सोडलेली असते, तिच्या विजेचे पैसे काका दरमहा सोसायटीत भरतात आणि पावती फाइल करतात. दुपारी दोन ते चार ही वेळ कायमची काकूंच्या नावावर आहे. त्या एकट्याच आत जाऊन झोपतात. मी एकदा विचारलं, "काकू, प्रवास आवडायला लागला वाटतं?" त्या म्हणाल्या, "हा आवडतो. हे बरोबर नसतात."

या हिवाळ्यात काकांना बोर्डीला जायचं होतं. चड्डी धुऊन तयार होती. वही उघडली तर तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची पूर्वपरीक्षा, पाठोपाठ केळवणाचे पाहुणे, मग माझे सासरे, पुन्हा. काकांनी टेप काढून रकान्यातली मोकळी जागा मोजली, ती निघाली फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. तिथे त्यांनी शिस्तीत स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे सही केली.

तुमच्यापैकी कुणाला हवी असेल तर मार्चमधले बुधवार अजून मोकळे आहेत. किल्ली वॉचमनकडे मिळेल. चादर आपली आणावी. आणि टाकी भरली तर ती रिकामी कोणी करायची, हे आधी काकांशी बोलून घ्यावं. मात्र जेवणाची वेळ सोडून.