ओपनरला हजर राहण्याची शास्त्रोक्त पद्धत

दिल्लीचा ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ हा बँड मुंबईत वाजवणार असल्याचे कळले की प्रथम घरी सांगून टाकावे. ‘लोअर परळला एका रेकॉर्डिंग कंपनीकडे जायचंय’ एवढेच म्हटल्यास घरचे मुलाखत समजतात, हातावर दहीसाखर पडते आणि परतायच्या वेळेची चौकशी होत नाही. हा गैरसमज दूर करण्याची घाई नसावी.

तिकिटावर आठची वेळ छापलेली असते. आठला दार उघडते; वाजवायला कोणी सुरुवात करत नाही. मुरलेला रसिक हा हिशेब मांडून साडेनऊला उगवतो आणि मनगटावर शिक्का मारून घेत ‘सुरू झालं का?’ विचारतो. नवशिक्याने त्याचे अनुकरण करू नये. मधल्या वेळात ओपनर म्हणून मुंबईचेच दोन बँड वाजवून गेलेले असतात. त्यांना ऐकायला गिटारवाल्याचे कॉलेजमित्र, बारवरचा मुलगा आणि ड्रमरची आई एवढाच समाज जमतो. ड्रमरची आई ओळखणे सोपे. पर्स मांडीवर, कानात कापूस, आणि सबंध हॉलमध्ये टाळ्या वाजवण्याची वेळ नेमकी तिलाच कळते. तिच्या शेजारी उभे राहावे. ती वाजवील तेव्हा वाजवावे.

तशी आधीच्यांना न ऐकण्याची ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ‘सवाई’त दुपारी एखादा तरुण गायक भीमपलास मांडतो, तेव्हा अर्धे पुणे वड्याच्या रांगेत असते. पण त्या गायकाचे तंबोरे निदान मनासारखे लागलेले असतात. ओपनरचे तसे नाही. साउंडचेक उलट्या क्रमाने होतो: शेवटी वाजवणारा सर्वांत आधी. मुख्य बँड दुपारी येऊन ऐसपैस सगळे लावून घेतो, मिक्सरवर त्याची मांडणी सेव्ह होते, कोणी कुठे उभे राहायचे तिथे रंगीत टेप चिकटते. त्यातून वेळ उरलाच तर तो ओपनरचा. वेळ उरत नाही. मग त्यांच्या वाट्याला लाइन चेक येतो, म्हणजे वायर जोडायची, आवाज आला की पुढची वायर. मुख्य बँडचे सामान हलवायचे नसल्यामुळे स्टेजच्या कडेवरच्या तीन फुटांत पाच जण विरार फास्टच्या दारात उभे असल्यासारखे वाजवतात.

पहिल्या गाण्यात गायक ऐकूच येत नाही. दुसऱ्यात फक्त गायकच ऐकू येतो. तिसऱ्यात साउंडवाल्याला सूर सापडतो, बेस आणि ड्रम एकमेकांत बसतात, आणि कधी कधी अशी काही जादू होते की पुढच्या दोन वर्षांत हाच बँड पोस्टरवर वरच्या ओळीत जाणार हे आपल्याला कळून चुकते. त्यानंतर त्यांना ‘लास्ट साँग’ची खूण होते. एवढ्या एका गाण्यासाठी वेळेवर यायचे असते.

स्टेजसमोर मात्र अर्धवर्तुळाकार मोकळी जागा असते. तिथे पहिले पाऊल कोणी टाकायचे, यावर पब्लिकमध्ये एकमत नसते. आपण टाकावे. गायक डोळ्यांत डोळे घालून गाऊ लागेल, ते सोसावे. फोन काढू नये, कारण त्या अंतरावरून त्याला आपली स्क्रीन वाचता येते.

मध्यंतरात जुने जाणते गाठतात. १९८६ साली रंगभवनात पहिले ‘इंडिपेंडन्स रॉक’ पाहिलेले काका भेटल्यास हात जोडून ऐकून घ्यावे. ‘ब्लूफ्रॉगची मजा आता नाही’ असे आपणही म्हणायला हरकत नाही, मात्र तो क्लब २००७ ला उघडला आणि २०१६ ला बंद झाला, हे पाठ असावे. परवाच निघालेला बँड तिथे ऐकल्याच्या थापा सांगणारे दर खेपेला सापडतात. ‘मी पीटर कॅटला “बिस्मिल्ला” अल्बमच्या आधीपासून ऐकतो’ हे वाक्य २०१९ पर्यंत बिनव्याजी होते. आता पुरावा मागतात.

मुख्य बँडबद्दल मार्गदर्शनाची गरज नाही. ते चांगलेच वाजवतात आणि त्याचसाठी आपण पैसे मोजलेले असतात. त्यांचा गायक सूर्यकांत साहनी तो घोळदार आवाज लावून गाऊ लागला की बाजूचे जोडपे हमखास एकमेकांच्या गळ्यात पडते. त्यांना जागा द्यावी. ‘लिफाफा’ची गाणी ओरडून मागू नयेत, ती त्याची एकट्याची दुकानदारी आहे, बाकीच्यांनी का वाजवावी?

बाहेर पडताना दाराशी ओपनरचा बेसवाला पुठ्ठ्याच्या खोक्यातून टी-शर्ट विकत असतो. मीडियम संपलेला असतो. तो नेहमीच संपलेला असतो. एक्सएल घ्यावा, वर ‘तिसरं गाणं भारी होतं’ असे सांगावे. दुसरे म्हटल्यास तो ओशाळतो. सामान टेम्पोत चढवायला हातभार लावायचा असल्यास अँप उचलावा. ड्रमकिट सामायिक असते, पण स्नेअर, पेडल आणि झांजा ज्याच्या त्याने आणायच्या असतात, म्हणून झांजांच्या बॅगेला हात लावू नये. ती ड्रमर आईलासुद्धा धरू देत नाही.