जगाचं मत ठणकावून कसं सांगावं : नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या

१. आकडा एकच घ्या. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये भारतातल्या २९,९९९ प्रौढांना १७ भाषांतून धर्माविषयी प्रश्न विचारले. खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर फार महत्त्वाचा, असं ८४ टक्के म्हणाले. खऱ्या भारतीयाने हिंदू असणंही फार महत्त्वाचं, असं ६४ टक्के हिंदू म्हणाले. ३६ टक्के हिंदूंना मुस्लिम शेजारी नको होता. बैठक बघून यातला सोयीचा आकडा काढा. एकाच माणसाने ही तिन्ही उत्तरं दिली असतील, ही शंका मनातही आणू नका.

२. संख्येने दिपवा. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका मोजून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. मतपत्रिका पाठवायला बहुतेक नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या दिवसांत या दोन्ही चैनी न परवडणारे मतदार बाहेरच राहिले. आपण अशा तपशिलात शिरू नये. 'लाखो लोक म्हणतात' एवढं पुरतं.

३. 'सांगता येत नाही' हा रकाना खोडा. डिसेंबर २०१५ मध्ये पब्लिक पॉलिसी पोलिंग या सर्वेक्षण संस्थेने अमेरिकी मतदारांना विचारलं, अग्राबावर बॉम्ब टाकावेत का? रिपब्लिकनांपैकी ३० टक्के हो म्हणाले, १३ टक्के नाही. डेमोक्रॅटांपैकी १९ टक्के हो, ३६ टक्के नाही. अग्राबा हे डिस्नेच्या 'अलादीन'मधलं शहर. ५७ टक्के रिपब्लिकनांनी सांगता येत नाही म्हटलं, पण अशा लोकांमुळे मथळा होत नाही.

४. 'जग' आपल्या मापाचं बेता. २०२३ मध्ये प्यूने २३ देशांत भारताविषयी विचारलं. अनुकूल मताचा मध्यक निघाला ४६ टक्के. म्हणजे देश चढत्या क्रमाने मांडले तर मधल्या देशाचा आकडा. त्या यादीत पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, चीन यांपैकी कोणी नव्हतं. शेजाऱ्यांना न विचारताही जग भरतं, हे लक्षात ठेवा. भारताचा प्रभाव वाढतोय, असं त्याच वेळी ६८ टक्के भारतीयांना वाटत होतं. २०२२ मध्ये १९ देशांत हाच प्रश्न विचारला तेव्हा मध्यक होता २८ टक्के. सभेत ६८ सांगा आणि 'भारतीयांना' हा शब्द गिळा.

५. शंकेखोराला आवरा. एखादा विचारेल, 'प्रश्न नेमका काय होता? पर्याय कोणते दिले होते? विचारणारा समोर बसला होता की फोनवर होता?' समोर बसलेल्या परक्याला माणूस बरेचदा बरं दिसेल तेच सांगतो, हेही त्याला ठाऊक असेल. त्याला 'मग तुम्हीच करा सर्वेक्षण' म्हणून गप्प करा. घरी जाऊन अहवालाची परिशिष्टं मात्र वाचू नका. प्रश्न तिथे शब्दशः छापलेले असतात, आणि ते वाचलेल्या माणसाला वरच्या चारही पायऱ्या पुन्हा जमत नाहीत.